'हवे ते अधिकार': एका वाचनालयाच्या ठरावाचं प्रकरण

"पहलगाम येथील भ्याड हल्ल्याचा ही सभा तीव्र निषेध करते आणि दहशतवादाचा बीमोड करण्यासाठी पोलिसांना व तपास यंत्रणांना हवे ते अधिकार देण्यात यावेत, अशी सरकारकडे मागणी करते."

आमच्या गावच्या वाचनालयाच्या इतिवृत्ताच्या वहीत २७ एप्रिल २०२५ च्या पानावर हा मजकूर आहे. त्यातल्या 'हवे ते' या दोन शब्दांभोवती पेन्सिलीने गोल काढलाय आणि समासात लिहिलंय, 'राखून ठेवला'. ते अक्षर माझं. सूचक डेअरीचे सेक्रेटरी, अनुमोदक अख्खी सभा, असा हा ठराव पुढे चार महिने लोंबकळला. शेवटी जो मंजूर झाला त्यात पहिल्यातले निषेधाचे शब्द तेवढे उरले. मधल्या काळात काय काय झालं, ते इथे लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी बेळगावच्या कोर्टात वकिली करतो, फौजदारी कामं जास्त. म्हणजे माझं पोट जामिनावर चालतं. जामीन अवघड करणाऱ्या कायद्याबद्दल माझं मत वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

गाव आणि पहिली सभा

गाव बेळगावच्या पश्चिमेला. लाल माती, पावसाळ्यात भात, माळावर रताळी. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर, त्यामुळे इथल्या पोरांना भरती म्हणजे काय ते चड्डीत असल्यापासून माहीत. गल्लीत दोन-तीन तरी पेन्शनर. काश्मीर आमच्यासाठी नुसतं टीव्हीवरचं नाही, कुणीतरी बारामुल्ल्यात थंडी काढलेली असते. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यात महाराष्ट्रातले सहा होते, कर्नाटकातलेही होते. सीमाभागातला माणूस अशा वेळी दोन्ही राज्यांच्या याद्या वाचतो.

त्या रविवारी वाचनालयात बसायला जागा नव्हती. सेक्रेटरींनी ठराव वाचला. "मंजूर?" म्हटल्याबरोबर हात वर गेले. माझाही गेला. हे मुद्दाम लिहितोय, कारण नंतर मी शहाणपणाचं बरंच बोललो.

सगळ्यांत आधी हात वर गेला तो कोपऱ्यात बसलेल्या शिंपीकाम करणाऱ्या चाचांचा. वाक्य पुरं व्हायच्या आत. ते तेव्हाच डोळ्यांत भरलं होतं, अर्थ मागाहून लागला.

अध्यक्ष 'सर्वानुमते' म्हणणार एवढ्यात दाराशी बसलेल्या एक काकू उठल्या. डेअरीला दूध घालून रिकामी किटली घेऊन तशाच आल्या होत्या. "हवे ते म्हंजे कुठले ओ?" त्यांनी विचारलं.

सेक्रेटरी म्हणाले, "म्हंजे... लागतील ते की काकू."

"लागतील ते कोण ठरवणार? टेशनातलेच न्हवं? मग माझ्या पोराला लावलेलं बघितलंय की मी."

सभेत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, विषय तो नव्हे. काकू खाली बसल्या. खरं ठराव तिथेच अडकला. (आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याकडच्या वाचकांचा दर वेळी घोटाळा होतो.)

काकूंचा पोरगा

काकूंचा मुलगा आयटीआय झालेला, फिटर. एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या मिरवणुकीत दरवर्षी असायचा. १९५६ ला राज्यपुनर्रचनेत हा भाग म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासूनचा तो पाळलेला दिवस. परवानगी नाकारायची, लोकांनी तरी निघायचं, पोलिसांनी गुन्हे दाखल करायचे, असं बहुतेक वर्षी चालतं. डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळूरुत शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई फेकली गेली, इकडे अनगोळात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली, शहर पेटलं आणि मराठी पोरांची धरपकड झाली. काही जणांवर राजद्रोहाचं कलमसुद्धा लागलं. या पोराच्या नावावर दोन केसी बसल्या. एक सुटली, एक चालू आहे. तेवढ्यावर एका ठाण्यात त्याची राउडी शीट उघडली गेली.

राउडी शीट हा प्रकार महाराष्ट्रातल्या वाचकाला कळायचा नाही. ती शिक्षा नव्हे, आरोपही नव्हे. पोलीस मॅन्युअलच्या आधाराने ठाण्यात ठेवलेला तो एक कागद. त्यावर फोटो, ओळखीच्या खुणा, कुणाबरोबर फिरतो, कुठे बसतो. सण आला, निवडणूक आली, अधिवेशन आलं की त्या यादीतल्यांना बोलावून ओळीत उभं करायचं आणि चांगल्या वागणुकीचा बाँड लिहून घ्यायचा. आखातात जायची संधी आली तेव्हा पासपोर्टच्या पडताळणीला हवालदार आला, चहा प्याला आणि शीट असल्याचं लिहून गेला.

यात दहशतवादाचा काहीही संबंध नाही, आणि तोच आक्षेप सुभेदारांनी पुढच्या बैठकीत घेतला. निवृत्त सुभेदार आमच्या कार्यकारिणीवर आहेत, काश्मीरात दोन वेळा राहिलेत. "वकीलसाहेब, मोर्चातलं पोर आणि बंदूक घेऊन आलेला माणूस एका पोत्यात घालू नका. बंदूकवाल्यासाठी वेगळा कायदा पाहिजेच."

ते बरोबर बोलत होते. माझी अडचण एवढीच की पोतं बांधणारा हात एकच असतो. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे आपला यूएपीए, त्याच्या पंधराव्या कलमात दहशतवादी कृत्याची व्याख्या आहे. बॉम्ब, डायनामाइट, बंदुका, विषारी वायू अशी यादी येते आणि शेवटी शेपूट, 'किंवा कोणत्याही स्वरूपाच्या अन्य मार्गाने'. शेपटाला किती ओढायचं हे पहिल्या दिवशी न्यायाधीश ठरवत नाही. ते ठाण्यात ठरतं. न्यायाधीशाकडे ते पुष्कळ महिन्यांनी पोचतं.

सीमाभागातल्या मराठी माणसाच्या डोक्यात पोलिसांचे दोन कप्पे आहेत. एकात मुंबईवर हल्ला झाला तेव्हा हातात नुसती काठी असताना एके-४७ ची नळी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे. दुसऱ्यात १ जून १९८६, कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनातला गोळीबार आणि त्यात गेलेले नऊ जण. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर दरवर्षी जाऊन आम्ही फुलं वाहतो. दोन्ही कप्पे एकाच वेळी उघडे नसतात. २७ एप्रिलला पहिला उघडा होता. काकूंनी किटली हातात धरून दुसरा उघडला.

हात वर करणं म्हणजे मत?

चार दिवसांनी पँटची चेन बदलायला चाचांकडे गेलो. मशीन थांबवून त्यांनी चहा मागवला. मी विचारलं, चाचा, ठराव तुम्हाला पटला होता?

"पटायचं काय त्यात. मेलेली माणसंच होती की." मग सुईत दोरा ओवत म्हणाले, "खरं हात वर नसता केला, तर सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं असतं. म्हणून आधी केला. उशिरा केला तरी बघतात."

त्यांच्या भाच्याला २०१२ च्या ऑगस्टनंतर हुबळीत खोली मिळेना झाली होती. बेंगळूरु-हुबळीत तेव्हा दहशतवादी कटाच्या संशयावरून एकामागून एक तरुण पकडले गेले. त्यात बेंगळूरुच्या एका इंग्रजी दैनिकाचा पत्रकारही होता. त्याच्या नावाने वाहिन्यांवर दिवसचे दिवस रतीब चालला आणि सहा महिन्यांनी पुरावा नाही म्हणून राष्ट्रीय तपास यंत्रणेने आरोपपत्रात त्याचं नावच घातलं नाही. तो सुटला त्या दिवशी वाहिन्यांना दुसरं काही काम असावं. भाच्याचा त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. त्याचं नाव फक्त तसल्या जातीचं होतं.

चाचांच्या दुकानातून निघालो तेव्हा 'सर्वानुमते' या शब्दावरचा माझा विश्वास उडाला होता. दोन हात एकाच उंचीवर, एक रागाने गेलेला, एक भीतीने. जनमताच्या चाचण्या घेणारे यावर उपाय म्हणून निनावी प्रश्नावली देतात. गावात निनावी काही नसतं, तरी डबा असतो. गणपतीच्या वर्गणीचा.

डब्याआधी वाचन

गुरुजी म्हणाले, चिठ्ठ्या घालण्याआधी लोकांना निदान माहीत तरी होऊ दे. वाचनालयाने महिनाभर दर शनिवारी संध्याकाळी तासभर ठेवला. गुरुजींकडे जुन्या कात्रणांच्या फायली आहेत, वाळवी लागलेल्या. त्यांचा पहिला प्रश्न असा की हे अधिकार आधी दिलेच नव्हते का?

दिले होते. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९८५ चा, पंजाब पेटला होता तेव्हाचा. पोलीस अधीक्षकापुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालेल, ही १९८७ च्या नव्या टाडातली सगळ्यांत मोठी मोडतोड. आपल्या पुराव्याच्या कायद्यात इंग्रजांनीसुद्धा पोलिसांपुढची कबुली बाद ठरवली होती. राज्य त्यांचं, पोलीस त्यांचे, तरी. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये कर्तार सिंग खटल्यात टाडा वैध ठरवला. तो कायदा संपेपर्यंत ७० हजारांहून जास्त माणसं त्यात आत जाऊन आली होती आणि शिक्षा झालेले शंभरात दोनसुद्धा नव्हते. मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्रा यांनी खासदारांना पत्र लिहून हा कायदा पुढे चालवू नका म्हणून सांगितलं, आणि १९९५ च्या मे महिन्यात तो संपला. मग संसदेवरच्या हल्ल्यानंतरच्या मार्चमध्ये, २००२ ला, दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावून पोटा हा तसलाच कायदा आला. २००४ मध्ये रद्द. त्याच वर्षी त्यातलं बरंचसं यूएपीएत घातलं गेलं. २६/११ नंतर २००८ च्या डिसेंबरात आणखी. कबुलीचं कलम तेवढं बाहेर राहिलं. महाराष्ट्राच्या १९९९ च्या मकोकात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, मात्र ते आहे आणि त्यावर बेतलेल्या कर्नाटकच्या २००० च्या संघटित गुन्हेगारीच्या कायद्यातही आहे.

एवढं सगळं दूधवाल्याला, आशाताईला, बारावीच्या पोरीला कसं सांगायचं? शेवटी मी चार क्रियापदं केली. पोलिसांना बघण्याचा अधिकार, कोंडण्याचा अधिकार, वदवून घेण्याचा अधिकार आणि नाव ठेवण्याचा अधिकार.

बघण्याचा म्हणजे कॅमेरे, मोबाईलचं लोकेशन, झडती. कोंडण्याचा म्हणजे आरोपपत्राशिवाय एरवी ६० किंवा ९० दिवस ठेवता येतं ते यूएपीएत १८० पर्यंत वाढतं, आणि आरोप वरवर खरा दिसला तरी कोर्टाला जामीन देता येत नाही. वदवून घेण्याचा म्हणजे कबुली. नाव ठेवण्याचा हा २०१९ चा: खटला न चालवता सरकारने राजपत्रात एखाद्या माणसाला दहशतवादी जाहीर करायचं. पहिली चार नावं मसूद अझहर, हाफिझ सईद, लख्वी आणि दाऊद. त्या चौघांबद्दल कुणाचं काय म्हणणं असणार? पाचव्यापासून विचार सुरू होतो, असं गुरुजी म्हणाले.

एका शनिवारी बेंगळूरुत नोकरी करणारा पोरगा सुट्टीवर आला होता. १ मार्च २०२४ ला रामेश्वरम कॅफेत स्फोट झाला तेव्हा तो ब्रुकफील्डला त्याच भागात राहत होता. तो तावातावाने म्हणाला, "कॅमेऱ्यांनी पकडलं की त्यांना! टोपी, बस, फुटेज. प्रायव्हसी-बियव्हसी सगळं पोट भरलेल्यांचं." खरं आहे, १२ एप्रिलला, बेचाळीस दिवसांत, दोघे बंगालमध्ये सापडले. गुरुजींनी हळूच विचारलं, "ह्यात नवा अधिकार कुठला लागला रे?" पोरगा विचार करून म्हणाला, "नवा न्हाई. माणसं लागली. रात्रंदिवस फुटेज बघणारी."

नेमका त्या दिवशी बीटचा हवालदार दाराशी पेपर चाळत उभा होता. मूळचा विजापूरकडचा, मराठी समजतं, बोलत नाही. त्याला ओढलंच चर्चेत. तुम्हाला काय पाहिजे सांगा. तो हसला. "नमग अधिकार ब्याड्री, रजा कोड्री." आम्हाला अधिकार नकोत, सुट्टी द्या. सगळे हसले, तोही हसला, आणि आणखी एक बंदोबस्त आहे म्हणून निघून गेला. त्याची गंमत म्हणून सोडून देता आली असती. खरं माझ्या बघण्यातली फसलेली तपासकामं अधिकार कमी पडले म्हणून फसलेली नाहीत. पंचनामा दुसऱ्या दिवशी लिहिला, पंच तेच ते नेहमीचे, मुद्देमालाचं सील फुटलेलं, प्रयोगशाळेचा अहवाल दोन वर्षांनी. थकलेल्या माणसाला कबुलीचा रस्ता जवळचा वाटतो.

दहा दिवस

जुलै उजाडला. १० आणि ११ तारखेला महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांत जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं. ते माओवादाच्या नावाने, आमच्यावर लागू नाही, तरी कोल्हापूरचे पेपर इथे येतात त्यामुळे वाचनालयात वादाला तेवढं पुरलं. त्यातली एक गोष्ट मला आवडली. समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आल्या, आणि तपास फौजदाराऐवजी उपअधीक्षकाच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याकडे देण्याचा बदल झाला. मूळ विधेयकाला माझा विरोध होता, अजून आहे. हुद्दा बदलल्याने तो गेला नाही. मात्र लोकांनी लिहिलं तर एखादा शब्द हलतो, हे आमच्या लोंबकळत्या ठरावाला बळ देणारं होतं.

मग २१ जुलै. मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांतल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. सात स्फोट, १८० हून अधिक मृत्यू, खालच्या कोर्टात २०१५ मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप. मकोकाखाली घेतलेले कबुलीजबाब न्यायालयाने विश्वासार्ह मानले नाहीत. ते छळ करून घेतल्याचं आणि एकमेकांची नक्कल असल्यासारखे असल्याचं न्यायालयाला दिसलं. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून धरू नये असं म्हटलं, सुटलेल्यांना परत आत मात्र घातलं नाही.

३१ जुलैला मुंबईतल्या विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सातही जणांना सोडलं. सहा मृत्यू. तिथे यूएपीए लावण्याची मंजुरीच सदोष निघाली.

आमच्या वाचनालयाच्या टेबलावर दोन पेपर दहा दिवसांच्या अंतराने आले. २२ जुलैला सेक्रेटरी म्हणाले, "बघा, पोलिसांना अधिकार कमी पडले म्हणून सुटले हे." १ ऑगस्टला तेच सेक्रेटरी, तीच खुर्ची: "सतरा वर्षं छळलं ओ बिचाऱ्यांना. पोलिसांना कोण विचारणार?" मला हसू आलं, ते मी पेपरामागे लपवलं. लपवून झाल्यावर आठवलं की पत्रकार गौरी लंकेश यांच्या खुनाच्या तपासात बेळगाव परिसरातले संशयित पकडले गेले आणि खटल्यात कर्नाटकचा तो २००० चा कडक कायदा लागला, तेव्हा मी आणि माझे मित्र खूश होतो. एका आरोपीपुरतं उच्च न्यायालयाने काढलेलं ते कलम २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत लावलं, तेव्हा तर चहा माझ्याकडून होता. कबुलीजबाबाचं ते कलम त्या दिवशी मला टोचलं नाही.

त्या दहा दिवसांत सगळ्यांत जास्त सरकले ते सुभेदार. मालेगावच्या खटल्यात एक लष्करी अधिकारी होता, जामीन मिळेपर्यंत नऊ वर्षं आत. सुभेदार बरेच दिवस काही बोलले नाहीत. एका शनिवारी ते घरून एक वस्तू घेऊन आले. पितळेचा खोका, म्हणजे गोळी उडाल्यावर उरणारं काडतुसाचं रिकामं कवच, टेबलावर उभा ठेवला.

"फायरिंगला गेलो की राउंड मोजून देतात. परत येताना खोकी मोजून घेतात. एक कमी पडला तर अख्खी पलटण रात्री बॅटऱ्या घेऊन गवतात शोधायची. मी शोधलोय. गोळी मारायचा अधिकार होता की आम्हाला. खरं खोका जमा करायला लागायचा."

मग काकूंकडे बघून म्हणाले, "ह्या टेशनवाल्यांचा खोका कोण मोजतंय?"

(हा खोका मग त्यांच्याकडे कसा, असं मी विचारलं नाही.)

डबा

१० ऑगस्टला, रविवारी, वर्गणीचा डबा टेबलावर आला. एका कागदावर चार ओळी: बघणे, कोंडणे, वदवून घेणे, नाव ठेवणे. पुढे हो किंवा नाही, आणि खाली लिहायला जागा. नाव लिहायचं नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून खूण करायला सगळ्यांना एकच पेन फिरवला, ही चाचांची सूचना.

आकडे इथे देत नाही. गावातली चिठ्ठी म्हणजे सर्वेक्षण नव्हे, आणि आकडा दिला की लोक बाकीचं वाचत नाहीत. एप्रिलमध्ये ज्या एका प्रश्नाला सगळे हात वर होते त्याचे चार तुकडे केले तर चार तऱ्हेची उत्तरं आली, एवढं सांगतो. बघण्याच्या अधिकाराला भरभरून हो. पुष्कळांनी खाली लिहिलं होतं, 'गावात स्टँडवर कॅमेरा बसवा'. नाव ठेवण्याबद्दल बहुतेकांना फारसं काही वाटत नव्हतं, ते दिल्लीतलं काम. वदवून घेण्याला मात्र नाही, अगदी ठसठशीत, काहींनी दोनदा रेघ ओढलेलं. कोंडण्यावर गाव दुभंगलं, आणि तिथे वय, जात, पक्ष यातलं कुठलंच गणित मला लागलं नाही.

दोन चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात. एकीवर कोंडण्यापुढे: 'हो. खरं आमच्या गल्लीतला नको.' दुसरीवर चारही ठिकाणी हो आणि खाली बारीक अक्षरात: 'आधी विचारलं होतं तेव्हा भ्यालो होतो. आता न भिता हो म्हणतोय.' ती कुणाची असेल याचा अंदाज बांधायचा मोह मी टाळतो. चाचांची असेल असं वाटून गेलं होतं, तेव्हा माझीच मला लाज वाटली. भिणारा माणूस मनातून विरोधातच असणार, हे मी कुठून आणलं?

ठराव

२४ ऑगस्टला, गणपतीच्या तोंडावर, मसुदा परत आला. निषेध तसाच राहिला. तपासाला माणूसबळ, प्रयोगशाळा आणि कॅमेरे यांसाठी पैसा वाढवावा, हे जोडलं. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून कुठल्याही कायद्यात नसावी, हेही. कोंडण्याबद्दल तडजोड झाली. दहशतवादाच्या गुन्ह्यात जास्त दिवसांच्या कोठडीला सभेचा विरोध नाही, मात्र खटला वेळेत उभा राहिला नाही तर जामिनाचा दरवाजा उघडावा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या नजीब खटल्यात साधारण हेच म्हटलंय, म्हणून मला ते लिहायला सोपं गेलं. मला याहून जास्त हवं होतं. मिळालं नाही.

वर्षानुवर्षं आत राहून निर्दोष सुटलेल्याला सरकारने भरपाई द्यावी, हे वाक्य पडलं. सुभेदार खोका घेऊन आलेले खरे, खरं इथे ते हलले नाहीत. "आधी लोकलमध्ये मेलेल्यांच्या घरी जाऊन सांगा की तुमचा गुन्हेगार कोण ते आम्हाला माहीत न्हाई. मग दुसऱ्यांची भरपाई." यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्या घरांसमोर उभं राहून देता येईल असं नव्हतं. मी गप्प बसलो.

भाषेचं वाक्य काकूंनी घातलं. "पोराला सही करायला लावलेले कागद कन्नडात होते. काय लिवलंय म्हणून विचारलं तर म्हणाले, नंतर कळेल." म्हणून ठरावात आलं: अटकेची कारणं अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत, लेखी द्यावीत. हे काही आमचं डोकं नव्हे. स्थानबद्धतेची कारणं कळणाऱ्या भाषेत दिली नाहीत तर ती दिलीच नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात म्हटलंय. तिथे माणसाला हिंदी येत होतं आणि कागद इंग्रजी होता.

पाठवायचा कुणाला, यावर अर्धा तास गेला. दिल्लीला एक, बेंगळूरुला एक. मुंबईला पाठवू या असं कुणीतरी म्हणालंच. त्यावर कुणीतरी म्हणालं, मुंबई आपल्याला विचारते का, आणि मग तो वेगळाच वाद झाला. बेंगळूरुची प्रत कन्नडमध्ये हवी. हायस्कूलला कन्नड माध्यमात शिकणाऱ्या एका मुलीने ती लिहिली. तिने संशयितासाठी 'शंकित' आणि दहशतवाद्यासाठी 'उग्र' लिहिलं, कन्नडमध्ये तेच बरोबर. गुरुजींनी चष्मा पुसला. मराठीत शंकित म्हणजे ज्याच्या मनात शंका आहे तो. "पोरी, म्हंजे ही सगळी सभाच शंकित की गं," म्हणाले.

दोन्ही पाकिटं रजिस्टर केली. पोच आली, उत्तर नाही.

६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका अपघाताच्या खटल्यावरून निकाल दिला की कुठल्याही गुन्ह्यात अटकेची कारणं अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागतील. आमच्या ठरावाचा त्याच्याशी अर्थातच काही संबंध नाही, तरी मी कात्रण वहीत २४ ऑगस्टच्या पानासमोर चिकटवलं. काकू दूध घालून आल्या तेव्हा त्यांना वाचून दाखवलं.

"मग आता पोराचा तो कागद निघणार?"

नाही म्हणालो. राउडी शीट म्हणजे अटक नव्हे, तिला हा निकाल लागत नाही. ती काढायला वेगळा अर्ज करावा लागतो, वरच्या अधिकाऱ्याकडे.

"मग करा की."

अर्ज मी कन्नडमध्ये टाईप करून आणला, वाचून मराठीत सांगितला. काकूंनी किटली खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि शेवटच्या ओळीखाली मराठीत सही केली.